ओळंबा

मिस्त्रीच्या थैलीत तो सगळ्यांत तळाशी असतो. वर थापी, रंधा, गुण्या, सुताचा गुंडा, मोजायची टेप. आणि खाली फडक्यात गुंडाळलेला हा. मुठीत मावेल एवढा, पण हातात घेतला की वजन जाणवतं. अंग पितळेचं नाहीतर लोखंडाचं. डोक्यातून सूत ओवलेलं, आणि त्या सुतावर वरखाली सरकणारा एक छोटा गुटका. गुटक्याची रुंदी आणि ओळंब्याच्या अंगाची जाडी तंतोतंत सारखी. त्याची सगळी विद्या एवढ्या एका गोष्टीत आहे. गुटका भिंतीच्या माथ्याशी टेकवायचा, ओळंबा खाली सोडायचा आणि त्याचं हेलकावणं थांबेपर्यंत गप्प उभं राहायचं. भिंत सरळ असेल तर तो तिला जेमतेम शिवतो, मध्ये कागद सरकेल न सरकेल इतका. भिंत वरून आपल्या अंगावर आलेली असेल तर तळाशी तो तिच्यापासून दूर लटकतो आणि फट दिसते. ती मागे कललेली असेल तर तो तिच्यावर टेकून बसतो, मोकळा लटकतच नाही.

तो बोलतो ते एवढंच. पण नवं घर बांधणाऱ्याला किंवा विकत घेणाऱ्याला एवढं सांगणारा दुसरा कुणी नसतो.

भंडाऱ्यात पितळेला मान आहे. हे शहर पितळी भांड्यांसाठी ओळखलं जातं. चिंच लावून घासलेल्या घागरी अजून इथल्या घरांत ओळीनं मांडलेल्या दिसतात. ओळंब्याच्या वाट्याला ती चिंच येत नाही. सिमेंटचं पाणी, रेती आणि ऊन खाऊन तो काळवंडतो. तरी जाणता मिस्त्री त्याला सहसा दुसऱ्याच्या हाती देत नाही. उंचावरून पडून अंगाला पोचा आला की गुटक्याशी असलेलं त्याचं माप बिघडतं, आणि माप बिघडलेला ओळंबा नसलेल्या ओळंब्यापेक्षा वाईट.

स्वभावानं तो शांत, पण वाऱ्यापुढे त्याचं चालत नाही. चैत-वैशाखात दुपारची गरम हवा सुटली की स्लॅबवरून सोडलेला लांब सुताचा ओळंबा थांबता थांबत नाही. अशा वेळी मिस्त्री खाली पाण्याची बादली ठेवतात आणि त्याला पाण्यात बुडवतात. थोड्याच वेळात तो स्थिर होतो. ज्याला घाई आहे तो बादली आणायला जात नाही. हेलकाव्याच्या मधोमध कुठेतरी अंदाजानं रेघ धरतो आणि पुढचा थर लावतो. बांधकामावर उभं राहून मालकानं पाहण्यासारखी पहिली गोष्ट हीच, मिस्त्री ओळंबा थांबायची वाट पाहतो की नाही.

वाऱ्याशिवाय त्याला हलवायला काय लागतं, याची गोष्ट मोठी आहे आणि तिचा एक धागा आपल्या विदर्भातून जातो. भारताची महान त्रिकोणमितीय मोजणी सुरू करणारा विल्यम लॅम्बटन जानेवारी १८२३मध्ये नागपूरच्या वाटेवर असताना हिंगणघाटला वारला. त्याचं काम जॉर्ज एव्हरेस्टनं उत्तरेला हिमालयाच्या पायथ्याशी नेलं. तिथे एक कोडं उभं राहिलं. मुझफ्फरनगरजवळचं कल्याणा आणि सिरोंजजवळचं कल्याणपूर यांमधलं अंतर जमिनीवरून मोजलं आणि ताऱ्यांवरून काढलं, तर दोन उत्तरांत ५.२३६ सेकंदांचा फरक येत होता. हा सेकंद म्हणजे अंशाचा ३६००वा भाग. ताऱ्यांची उंची मोजताना खालची दिशा ओळंब्यावरूनच ठरते, आणि हिमालयाचं प्रचंड वस्तुमान ओळंब्याला आपल्याकडे ओढत होतं. कलकत्त्याचे आर्चडीकन जॉन प्रॅट यांनी १८५५ साली हिशेब मांडला, तेव्हा दिसलं की पर्वतानं ओळंब्याला याहून कितीतरी जास्त ओढायला हवं होतं. डोंगरांची मुळं खाली खोलवर हलक्या खडकांची असतात, या कल्पनेपर्यंत विज्ञान पोचलं ते या न जुळणाऱ्या हिशेबातून. तीन मीटरच्या भिंतीवर सव्वापाच सेकंद म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी. हिमालयानं जोर लावला तरी इतकंच. मग साकोलीच्या किंवा तुमसरच्या एखाद्या प्लॉटवर ओळंबा भिंतीपासून बोटभर लांब लटकत असेल, तर दोष कोणाचा याची चर्चा उरत नाही.

जुन्या घरांत त्याला फारसं काम नव्हतं. झाडीपट्टीतलं मातीचं घर थरावर थर देत उठायचं. भिंत तळाशी हात-सव्वा हात रुंद, वर निमुळती. छपराचा भार बराचसा लाकडी खांबांवर, वर कवेलू. अशी भिंत इंचभर इकडेतिकडे झाली तरी तिच्या जाडीत ते सामावून जायचं. दर दिवाळीला घरची बाई पांढऱ्या मातीनं तिची डागडुजी करायची आणि बोटांनी तिला तिची प्रत्येक भेग ठाऊक असायची. मग वीट आली, नऊ इंची आली, साडेचार इंची आली. गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन २२ एप्रिल १९८८ रोजी झालं, पुढे वैनगंगेकाठची गावं उठली, आणि पिढ्यान्‌पिढ्या मातीच्या घरात राहिलेल्या माणसांनी पुनर्वसनाच्या गावठाणांत विटेची घरं उभी केली. मातीचं शहाणपण त्यांच्याकडे भरपूर होतं. विटेची भिंत मात्र वेगळ्या जातीची. तिला जाडीचा आधार नाही, ती उभी राहते ती केवळ सरळपणावर.

त्यामागचं गणित साधं आहे. विटेची भिंत दाब सोसते, ताण सोसत नाही. वरचा भार भिंतीच्या जाडीच्या मधल्या तिसऱ्या भागातून खाली गेला तर सगळी वीट दाबाखाली राहते. भार त्या भागाबाहेर सरकला की एका बाजूला सांधे उघडायला लागतात. नऊ इंची भिंतीत मध्यापासून दीड इंच सरकायची मुभा आहे. साडेचार इंचीत पाऊण इंच. म्हणजे खोल्यांमधली जी पातळ भिंत आपण बिनमहत्त्वाची समजतो, तिलाच ओळंब्याची गरज जास्त. आणि ही मुभा वाकडेपणात खर्चून टाकायची नसते. छपराचा धक्का, जमिनीचं खचणं, वादळ यांच्यासाठी ती राखून ठेवायची असते. म्हणूनच भारतीय मानक, आयएस १९०५, एका मजल्यात दर तीन मीटर उंचीला फक्त सहा मिलिमीटर वाकडेपणा मान्य करतं. सहा मिलिमीटर म्हणजे पाव इंच.

ओळंब्याच्या आयुष्यातली खरी अडचण पुढे आहे. त्याची साक्ष मुदतीची असते. वीट उघडी आहे तोवर तो स्पष्ट बोलतो. प्लास्टर चढलं की त्याच्यापुढे उभी राहते ती भिंत नव्हे, भिंतीचा मुखवटा. आत भिंत इंचभर वाकडी असली तर मिस्त्री वर पाऊण इंच आणि खाली पावणेदोन इंच प्लास्टर भरून पृष्ठभाग सरळ करून देतो. मग ओळंबा लावा, तो भिंतीला नेमका शिवतो आणि वाकड्या भिंतीला सरळपणाचा दाखला देतो. यात त्याची चूक नाही. आपण त्याला उशिरा विचारलं. आतलं प्लास्टर साधारण १२ ते १५ मिलिमीटरचं असावं, बाहेरचं २०च्या आसपास. एकाच हातात त्याहून जाड थापलेलं प्लास्टर स्वतःच्या वजनानं सुटतं, पोकळ होतं, दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यात फुगतं आणि खाली येतं.

लाखनीकडच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीला मी मालकाला हाक मारून बोलावताना पाहिलं आहे. भिंत लिंटेलपर्यंत आली होती, प्लास्टरवाले दुसऱ्या दिवशी यायचे होते. म्हाताऱ्यानं प्रत्येक कोपऱ्यावर ओळंबा सोडला आणि म्हणाला, "आत्ताच पाहून घ्या जी, मंग दिसनार नाई." मालक संकोचला होता. मिस्त्रीच्या कामावर शंका घेतल्यासारखं होईल, असं त्याला वाटत होतं. हा संकोच आपल्याकडे फार खोल आहे. बांधकाम सुरू असताना मिस्त्रीला चहा विचारतो, जेवलात का विचारतो, पण ओळंबा लावून दाखवा म्हणायला जीभ रेटत नाही. चांगल्या कारागिराला या विनंतीचा राग येत नाही असा माझा अनुभव आहे. ज्याला राग येतो, त्याच्या भिंतीवर ओळंबा दोनदा सोडावा.

त्याला सगळं कळतं असं मात्र नाही. त्याला फक्त उभा सरळपणा कळतो. मसाल्यात सिमेंट किती पडलं, हे तो सांगू शकत नाही. वैनगंगेची रेती चाळून धुऊन घेतली की मातीसकट ओतली, हेही त्याला ठाऊक नसतं. त्यासाठी मूठभर रेती तळहातावर चोळावी, हात मळला तर रेतीत माती आहे. वीट पक्की की कच्ची हे दोन विटा एकमेकींवर वाजवल्या की कानाला कळतं आणि नखानं ओरखडा काढला की डोळ्याला. पाणी मारण्याचं तर त्याला काहीच समजत नाही, आणि आपल्या उन्हात तीच चूक सर्वांत महाग पडते. साध्या सिमेंटच्या काँक्रीटला निदान सात दिवस आणि राखमिश्रित पोर्टलंड पोझोलाना सिमेंटला, जे आज बहुतेक दुकानांत मिळतं, निदान दहा दिवस ओलं ठेवायला आयएस ४५६ सांगतं. मे महिन्यात चौथ्या दिवशी पाणी थांबवलेला स्लॅब बाहेरून अगदी छान दिसतो. सळाखींवर काँक्रीटचं आवरण राहावं म्हणून स्लॅबखाली २० मिलिमीटरचे ठोकळे ठेवलेत का, हे ओतण्याच्या आदल्या संध्याकाळी वाकूनच पाहावं लागतं. ठोकळे नसले तर काही वर्षांनी छताच्या पोटाला गंजाच्या तांबूस रेघा उमटतात.

जमिनीचंही तसंच. भंडाऱ्याचा शेतकरी आपली जमीन नावानं ओळखतो. कन्हार म्हणजे काळी, भारी. बरडी म्हणजे मुरमाड, हलकी. पिकाला कन्हार भावते, घराला नाही. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि तिच्यावर उथळ पायानं बसलेली भिंत दर वर्षी थोडी उचलली जाते, थोडी खाली बसते. तिच्या भेगा वैशाखात रुंदावतात आणि श्रावणात मिटल्यासारख्या होतात. घर विकणारा पावसाळ्यात घर दाखवायला तयार असेल आणि उन्हाळ्यात नसेल तर एकदा थांबावं. इथे ओळंबा आपल्या परीनं कामाला येतो. तोच कोपरा, तीच जागा, दर सहा महिन्यांनी एक माप, भिंतीवर पेन्सिलीनं तारीख. फट वाढत असेल तर पाया हलतो आहे. तीच राहत असेल तर भिंत बांधतानाच वाकडी झाली होती. या दोन आजारांवरचे उपाय वेगळे आहेत आणि खर्चात जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

ऑगस्ट २०२०च्या शेवटच्या दिवसांत वैनगंगा भंडाऱ्यात शिरली तेव्हा हे फार घरांना लागू झालं. पाणी ओसरल्यावर लोकांनी गाळ काढला, भांडी धुतली, भिंतींना चुना दिला. उभ्या राहिलेल्या भिंतीला कोणी काही विचारलं नाही, कारण ती उभी होती. त्याच्या आठवडाभर आधी, २४ ऑगस्टला, महाडमध्ये तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळून सोळा माणसं गेली होती. ती इमारत जुनी मुळीच नव्हती. जुनं पडतं आणि नवं टिकतं, हा आपला समज तिथल्या कुटुंबांना फार भारी पडला. घर नवं आहे यावरून एवढंच कळतं की त्याला अजून फार पावसाळे पाहावे लागलेले नाहीत.

तयार घर विकत घेणाऱ्याला ओळंबा उशिरा भेटतो, हे खरं. पण घरात त्याचे भाऊबंद असतात आणि ते प्लास्टरखाली दडत नाहीत. दार अर्धं उघडून सोडून द्यावं. बिजागऱ्यांची रेषा सरळ असेल तर दार जिथल्या तिथे राहतं. आपोआप मिटत किंवा उघडत गेलं तर चौकट कललेली आहे. छताच्या हुकात मोकळा लटकलेला पंख्याचा दांडा हा घरातला कायमचा ओळंबा. खोलीच्या दूरच्या टोकाला उभं राहून, एक डोळा मिटून, तो दांडा आणि पलीकडच्या भिंतीचा कोपरा एका रेषेत येतात का ते पाहावं. फरशीच्या शेवटच्या ओळीतले कापलेले तुकडे एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला चिंचोळे होत गेले असतील तर खोली गुण्यात, म्हणजे काटकोनात, नाही. भिंतीवर रुपयाच्या नाण्यानं ठोकत जावं; भरीव आवाज अचानक पोकळ झाला तर तिथे प्लास्टर सुटलेलं आहे, आणि ते तिथे इतकं जाड का थापावं लागलं हा पुढचा प्रश्न विचारावा. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी, पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारी भेग दिसली तर अभियंत्याला दाखवल्याशिवाय इसार देऊ नये. कॉलम आणि विटेच्या सांध्यात सरळ उभी केसासारखी रेघ असेल तर ती सहसा दोन वेगळ्या सामानांच्या आकसण्याची असते, तिला इतकं भ्यायचं कारण नाही.

कायदाही काही प्रमाणात पाठीशी आहे. रेरा या स्थावर संपदा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत रचनेतला किंवा कारागिरीतला दोष दाखवून दिला, तर विकासकानं तो तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून द्यायचा असतो. पण ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवरचे किंवा आठ सदनिकांपर्यंतचे प्रकल्प नोंदणीतून सुटतात. आणि आपल्या जिल्ह्यातली बहुसंख्य घरं तर प्रकल्पच नव्हेत. स्वतःची जागा, ओळखीचा मिस्त्री, तोंडी ठरलेला भाव, इतकाच त्यांचा करार. त्यांच्यासाठी रेरा नाही, त्यांच्यासाठी ओळंबाच आहे.

सर्वांत जास्त तो घरकुलांसाठी आहे. प्रधानमंत्री आवास, रमाई, शबरी अशा योजनांतून खेड्यापाड्यांत घरं उभी राहत आहेत. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात निदान २५ चौरस मीटरचं, म्हणजे २६९ चौरस फुटांचं घर. सपाट मुलखात त्याला मूळ मदत १ लाख २० हजार. या योजनेत ठेकेदाराला जागा नाही, घर लाभार्थ्यानंच बांधून घ्यायचं. म्हणजे जिनं आयुष्यभर दुसऱ्यांच्या बांधकामावर रेजा म्हणून डोक्यावरून विटा वाहिल्या, ती बाई आता मालकीणही असते आणि देखरेख करणारीही. ओळंबा तिनं कित्येक वेळा पाहिलेला असतो, परातीतला मसाला वर देताना, मिस्त्रीच्या हातात. तिच्या स्वतःच्या हातात मात्र तो कोणी दिलेला नसतो.

हप्ता सुटतो तो फोटोवर. पाया झाला, फोटो. लिंटेल झालं, फोटो. जागेच्या अक्षांश-रेखांशासह फोटो वर जातो आणि काम किती झालं ते दिसतं. पैसा भलत्याच घरी जाऊ नये म्हणून ही व्यवस्था चांगली आहे, ती हवीच. पण फोटोत भिंतीची उंची दिसते, सरळपणा दिसत नाही. मोबाइल जरासा तिरका धरला की सरळ भिंत वाकडी आणि वाकडी भिंत सरळ दिसते. ज्या कुटुंबाकडे दुसऱ्यांदा घर बांधायची ऐपत नाही, त्याच्या घराची पारख आपण उंचीवर थांबवतो, हे मला सहन होत नाही.

म्हणून माझं मागणं ग्रामपंचायतींकडे आणि पंचायत समितीच्या गृहनिर्माण अभियंत्यांकडे आहे. लिंटेलच्या टप्प्याचा फोटो काढताना भिंतीवर ओळंबा सोडलेला असावा, आणि तो स्थिर झाल्यावर तळाशी जवळून दुसरा एक फोटो घ्यावा, मध्ये मापपट्टी धरून. हार्डवेअरच्या दुकानात ओळंबा काही मिस्त्रीच्या एका दिवसाच्या मजुरीएवढा महाग नाही. प्रत्येक ग्रामपंचायतीनं एक घेऊन ठेवावा आणि घरकुल मंजूर झालेल्या बाईला बांधकाम चालेल तेवढे दिवस तो द्यावा. मिस्त्रींच्या प्रशिक्षणाची तरतूद याच योजनेत आहे. त्यात एक दुपार लाभार्थी बायांसाठी ठेवावी. शिकवायला तेवढी पुरेल. गुटका वर टेकवायचा, ओळंबा थांबू द्यायचा, वारा असेल तर बादली आणायची. चार बाहेरचे कोपरे, प्रत्येकावर दोन्ही बाजूंनी. मग दाराच्या चौकटी, ठोकण्यापूर्वी आणि ठोकल्यावर. मग मधली साडेचार इंची भिंत. तीन मीटरला सहा मिलिमीटरहून जास्त फरक आला तर मसाला ओला आहे तोवर तेवढे थर उतरवून घ्यायचे. विटा तेव्हा धुऊन परत वापरता येतात.